प्राणहितेच्या प्रवासात एक दिवस पायी: वडधमची दगडी झाडं, सोललेल्या टाचा आणि काही प्रश्न

वैनगंगाकाठ (५ डिसेंबर, रात्री ९.४०)

राम राम मंडळी. नदीचा पूर्ण वृत्तांत सवडीनं टाकीन, फोटो अजून पुतण्याच्या मोबाइलात अडकलेत. आज फक्त मधल्या एका दिवसाचं लिहितो, कारण त्या दिवसाचे फोड अजून टाचेवर आहेत.

आम्ही सात जण, हवेच्या दोन राफ्ट, चार रात्री. अहेरीजवळच्या घाटावर पाण्यात उतरलो, सिरोंच्याला बाहेर निघालो. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ भेटतात, तिथून पुढं ११३ किलोमीटर तिला प्राणहिता म्हणतात. त्यातला खालचा तुकडा आम्ही केला. डाव्या हाताला महाराष्ट्र, उजव्या हाताला तेलंगण. पोलीस ठाण्यात आणि वनविभागात आधी लेखी कळवलं होतं, जाणाऱ्यांनी ते करावंच. काठावरच्या पोरांनी पहिल्याच दिवशी राफ्टचं बारसं केलं: हवेचा डोंगा. मग आम्हीही तेच म्हणायला लागलो.

राफ्टिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर ऋषिकेशचा फेस येतो. इथं तसं काही नाही. संथ पाणी, रेतीची बेटं, डोक्यावर घारी, आणि दुपारी समोरून वारा आला की वल्हवून खांदे उतरतात. अंगावर येणारी जागा एकच, देवलमरीचा खडक. आधी आवाज आला, लांबून कोणी पोत्यातून धान ओतावं तसा. मग पाण्यावर काळे ठिपके दिसले, आणि वळण संपलं तशी नदीत आडवी खडकांची रांगच. सामानाचा डोंगा दोरीनं कडेकडेनं उतरवला, रिकामा वल्हवत काढला. दीड मिनिटाचा खेळ, पण एका वल्ह्याचं पातं खडकाच्या फटीत राहिलं ते राहिलंच.

आता त्या दिवसाबद्दल. तिसऱ्या मुक्कामावर एक दिवस नदीला सुट्टी द्यायची आणि पायी वडधमला जाऊन जीवाश्म पार्क पाहायचं, हे घरूनच ठरलं होतं. पाठ धरलेले भाऊजी आणि मोठा साळा डोंग्यांजवळ थांबले. बाकी पाच जण सकाळी सातला निघालो. जाऊन-येऊन सतरा किलोमीटर भरलं. आकडा ऐकून हसू नका. घरून निघून सतरा चालणं वेगळं आणि तीन दिवस ओल्या सँडलमध्ये बसून सतरा चालणं वेगळं.

सँडल हीच पहिली चूक. बूट सामानात होते, पण "नाल्यात परत ओलेच होतील" म्हणून कोणी काढले नाहीत. तळपायाची कातडी तीन दिवसांत भिजवलेल्या पोह्यासारखी झाली होती. पऱ्हाटीच्या आणि मिरचीच्या शेतांच्या धुऱ्यांवरून जाईपर्यंत बरं वाटलं. पुढं कडक रस्ता लागला आणि पट्ट्याखाली अडकलेली रेती काचकागदासारखी काम करायला लागली. नऊ वाजता माझी डावी टाच गेली, साडेनऊला पुतण्याची उजवी.

वाटेत शेळ्या राखणारे एक म्हातारबाबा भेटले. आम्ही मराठीत रस्ता विचारला, ते तेलगूत बोलले. मग त्यांनी आमच्या बाटल्यांकडं बोट करून विचारलं, "नीळ्ळु उन्नाया?" आम्हाला वाटलं त्यांना पाणी पाहिजे, म्हणून बाटली पुढं केली. ते हसले आणि हातानं नाही म्हणाले. तुमच्याजवळ पुरेसं पाणी आहे का, असं ते आम्हालाच विचारत होते! माणशी एक लिटर होतं. दुपारी एक वाजता त्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला कळलं.

नाल्यानं वर जायला लागलो तसे लाकडासारखे दिसणारे दगडाचे तुकडे दिसायला लागले, आधी एखादा, मग दर दहा-वीस पावलांवर. आणि मग पार्कातले ओंडके. मी आरामशीनवर वाढलेला माणूस आहे, सागाचा ओंडका मला अंधारात ओळखू येतो. तरी पहिल्या ओंडक्यापाशी हात आपोआप सालीवर गेला आणि थंड लागला म्हणून मागं आला. गाठ आहे, भेग आहे, कापल्या तोंडावर वर्तुळं आहेत. एका भेगेतून मुंग्यांची रांग चालली होती, घरच्या लाकडातून चालते तशीच. पुतण्यानं बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं, तर आवाज फरशीचा.

तिथं तासभर बसलो, तांदळाची भाकर आणि जवसाची चटणी खाल्ली. परत यायला साडेतीन तास लागले. त्यावर न लिहिलेलं बरं.

तर प्रश्न. नदीच्या लांब प्रवासात मधल्या दिवशी चालायचं असेल तर पायांचं काय करता? पाणी किती नेता? डोंग्यांपाशी माणूस ठेवणं गरजेचं आहे का, की बांधून सगळे जाऊ शकतात? आणि हो, नाल्यातला एक बोटभर दगडी लाकडाचा तुकडा आठवण म्हणून आणलाय, टीव्हीखाली ठेवलाय. त्याला पॉलिश करून घेता येतं का, कोणी केलंय का?

झाडीपट्टी (५ डिसेंबर, रात्री १०.१५)

भाऊ, पायाचं आमच्या बायांले विचारा लागत होतं. रोवण्याच्या टायमाले दिवस-दिवस बांधीच्या चिखलात असतात. चिखल्या झाल्या का रात्री पाय धुवून, चुलीपाशी पार कोरडे करून, बोटाच्या मधात हळद-तेल. सकाळी परत चिखलात. तुमाले तर चुलीजवळ अख्खी रात्र होती न! रोडगे भाजले का नाई? तेवढ्याच निखाऱ्यावर पाय शेकले असते तं एवढं लिहा लागलं नसतं.

वैनगंगाकाठ (५ डिसेंबर, रात्री १०.२२)

रोडगे भाजले. पाय नाही भाजले. चूक कबूल, भाऊ.

पायवाट (५ डिसेंबर, रात्री ११.०५)

मी हिमालयाकडच्या नद्यांवर दोनदा असे चार-पाच दिवस काढलेत, त्यावरून सांगते. चालायच्या दिवसाची तयारी आदल्या दुपारी सुरू होते. मुक्कामाला पोचल्याबरोबर सँडल काढायचे ते सकाळपर्यंत घालायचे नाहीत, तंबूभोवती अनवाणी. पाय हवेला लागले की कातडी रात्रीतून बरीच घट्ट होते. एक बुटांचा जोड आणि दोन जोड मोजे जलरोधक पिशवीत, आणि ती पिशवी चालायच्या दिवसाशिवाय उघडायची नाही, कितीही मोह झाला तरी. नाला आला की बूट गळ्यात, सँडल पायात, पलीकडं पाय पुसून परत बूट. पाच मिनिटं जातात. तुमचे साडेतीन तास गेले.

टाचेला चिकटपट्टी फोड आल्यावर नाही, निघण्याआधी लावायची. आणि ओल्या कातडीवर ती धरत नाही, हे मी माझ्या खर्चानं शिकले.

पाणी माणशी तीन लिटर. नदीवर आपण दिवसभर पाण्यात असतो, वारा लागतो, तहान कळत नाही. त्यामुळं पहिले तीन दिवस तुम्ही सगळे कमीच प्यायला असणार आणि चालायला निघालात तेव्हाच शरीर कोरडं होतं. एक लिटर बाटलीत होतं खरं, पण उधारी आधीची होती.

सिरोंचाकर (६ डिसेंबर, सकाळी ७.३०)

आमच्या भागात आल्याबद्दल आनंद झाला. नोव्हेंबरअखेरीस दुपारी एक वाजता चालणं इथला माणूस टाळतो. पहाटे पाचला निघून दहाच्या आत सावलीत बसायचं, चारनंतर परत फिरायचं.

डोंग्याजवळ माणूस ठेवलात ते बरोबरच केलंत. चोरीची भीती म्हणून नाही. इथं वस्तूला कोणी हात लावत नाही, पण पोरं खेळायला येतात, आणि बैल पाण्यावर येतात. बैलाला तुमचा हवेचा डोंगा पटला नाही तर शिंगाचं एक भोक पुरे. शिवाय वरच्या धरणांतून पाणी सोडलं की रात्रीतून रेतीची कड बदलते. डोंगा पाण्याच्या कडेला नाही, रेतीवर वर ओढून, पालथा करून, मोठ्या झाडाला बांधावा. बेशरमाच्या झुडपाला बांधलेला डोंगा मी डोळ्यांदेखत झुडपासकट जाताना पाहिला आहे.

पिण्याचं पाणी संपलं तर नाल्याच्या रेतीत हातभर झिरा खणायचा. पहिलं पाणी उपसून टाकायचं, दुसरं येईल ते गाळून, उकळून. म्हातारबाबांनी ते नक्की दाखवलं असतं. तुम्ही विचारलं नाही.

मुलचा_मास्तर (६ डिसेंबर, सकाळी ९.१०)

देवलमरीवरून आठवलं. ज्या खडकानं तुमचं वल्हं ठेवून घेतलं, त्यानं एकेकाळी साहेबाचा अख्खा बेत ठेवून घेतलाय. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना. वऱ्हाड-नागपूरचा कापूस वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा पाण्यानं थेट समुद्राला नेता येईल, या हिशेबानं कालवे आणि बांध सुरू झाले. वाटेत खडकांचे तीन अडसर होते: गोदावरीवर दुम्मागुडेम आणि इंचमपल्ली, आणि तिसरा प्राणहितेवर, आपलं देवलमरी. बराच पैसा ओतून १८७१ साली काम गुंडाळलं. तोवर १८६७ मध्येच रेल्वे नागपूरला पोचली होती, कापूस मुंबईला जायला लागला होता.

पोरांना मी हे शिकवतो तेव्हा ती विचारतात, "सर, खडक फोडला काऊन नाही?" आता सांगीन, फोडला असता तर आमच्या ओळखीच्या एका माणसाचं वल्हं वाचलं असतं.

वऱ्हाडी_ताई (६ डिसेंबर, सकाळी ९.४५)

मास्तर, भारी. मला एक कळत नाही, पाच पुरुष निघाले, पाचही जणांचे बूट पिशवीत, आणि पाचांपैकी एकालाही काढावेसे वाटले नाहीत? एक बाई सोबत असती तर पाचांचे बूट बाहेर निघाले असते.

वैनगंगाकाठ (६ डिसेंबर, सकाळी १०.०२)

ताई, बायको हेच म्हणाली. शब्दन् शब्द.

खडकवेडा (६ डिसेंबर, दुपारी २.२०)

वैनगंगाकाठ, लेख वाचून मजा आली, पण शेवटच्या ओळीवर थांबलो. मी भूशास्त्र शिकवतो, त्यामुळं थोडं लांबेल.

पॉलिश करू नका. तो तुकडा जिथून उचलला तिथं परत जायला हवा.

तुम्ही ज्या भागात होता तिथलं कोटा हे गाव प्राणहितेच्या डाव्या काठावर, सिरोंचा तालुक्यातच आहे, आणि जगभरच्या पुस्तकांत ज्युरासिक काळातल्या एका खडकगटाला त्याच्या नावावरून 'कोटा फॉर्मेशन' म्हणतात. गावात एसटीनं उतरणाऱ्यांपैकी कितीजणांना ते माहीत असेल, कोण जाणे. तिथल्या चुनखडीत जाड, चकचकीत खवल्यांचे मासे सापडतात, १८५० च्या दशकातच त्यांच्यावर लिहिलं गेलंय. पोचमपल्लीच्या बाजूला १९६० च्या सुमारास एका प्रचंड शाकाहारी डायनासोरची हाडं निघाली, किमान सहा प्राण्यांची मिळून सुमारे तीनशे. मांडीचं हाड १.७ मीटर, म्हणजे घरातल्या उभ्या माणसाएवढं. म्हणून 'मोठ्या पायाचा' या अर्थी बारापासॉरस, आणि शोधाच्या काळात टागोरांची जन्मशताब्दी आली म्हणून पुढं टागोराय. हे नाव १९७५ साली रीतसर दिलं. सांगाडा कोलकात्याला इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये उभा आहे. संख्याशास्त्राच्या संस्थेत डायनासोर, हा आपल्याकडचा एक गोड प्रकार.

लाकडाचा दगड होतो तो असा: झाड गाळात लवकर पुरलं जातं, हवा न मिळाल्यानं कुजत नाही, आणि जमिनीतल्या पाण्यात विरघळलेली सिलिका पेशीपेशीत भरत जाते. लाकूड जातं, त्याचा साचा गारगोटीत उरतो. म्हणून तुम्हाला वर्तुळं दिसली. ती वर्तुळं त्या झाडानं काढलेले पावसाळे-उन्हाळे सांगू शकतात. घासून चकचकीत केली तर टीव्हीखाली शोभतील एवढंच.

आणि कायद्याचंही ऐका. वनक्षेत्रातून आणलेला खडकही १९२७ च्या भारतीय वन कायद्यात वनोपजाच्या व्याख्येत येतो.

वैनगंगाकाठ (६ डिसेंबर, दुपारी ३.०५)

सर, मान्य. पण माझी बाजू मांडतो. पार्कच्या आत मी खडाही हलवला नाही. हा तुकडा बाहेर नाल्यात पडला होता, पुरानं कुठून तरी वाहत आलेला. त्याची मूळ जागा तर आधीच गेली होती. पुढच्या पावसाळ्यात तो प्राणहितेत जाऊन रेती झाला असता. मी उचलला तर नेमकं काय बिघडलं?

झाडीपट्टी (६ डिसेंबर, दुपारी ३.२०)

हे बरोबर बोलले भाऊ. ट्रकानं रेती जाते थे कोनाले दिसत नाई, बोटभर गोटा दिसला.

खडकवेडा (६ डिसेंबर, संध्याकाळी ६.४०)

रेतीचं खरं आहे, त्यावर वेगळा धागा काढा, मीही लिहीन.

पण वैनगंगाकाठ, तुमचंच वाक्य परत वाचा: "नाल्यानं वर जायला लागलो तसे तुकडे दिसायला लागले, आधी एखादा, मग दर दहा-वीस पावलांवर." आम्ही फील्डवर काम करतो ते असंच. नाल्याच्या तोंडाशी वाहून आलेला पहिला तुकडा सापडतो, मग वर वर जायचं, तुकडे वाढतात, कडा धारदार होत जातात. जिथं ते एकदम बंद होतात तिथं थांबून काठाकडं पाहायचं, कारण ज्या थरातून ते निघाले तो तिथंच कुठं तरी असतो. वाहून आलेल्या तुकड्यानं मूळ जागा सोडली हे खरं, पण तो तिकडचा रस्ता सांगतो. दर गटानं एकेक उचलला की नाला मुका होतो. तुम्हाला तो बोलका मिळाला, कारण तुमच्या आधीच्यांनी उचलले नव्हते.

मुलचा_मास्तर (६ डिसेंबर, रात्री ८.१५)

सर, नाल्यांवरून स्टीफन हिस्लॉप आठवले. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते.

खडकवेडा (६ डिसेंबर, रात्री ८.५०)

अगदी बरोबर, मास्तर. १८४५ मध्ये मिशनरी म्हणून नागपूरला आले, आणि रविवारचं प्रवचन सोडलं तर उरलेला वेळ दगडांत गेला असावा असं त्यांच्या कामावरून वाटतं. रॉबर्ट हंटर यांच्यासोबत नागपूर भागाच्या भूशास्त्रावर लिहिलं, कोट्याच्या जीवाश्मांवर काम केलं. आणि ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची शिळावर्तुळं (दगडांची जुनी गोल मांडणी) पाहून घोड्यावरून एकटेच परतताना, पाण्यानं भरलेल्या नाल्यात बुडाले. इतका रानोमाळ फिरलेला माणूस एका नाल्यानं नेला.

म्हणून वर सिरोंचाकरांनी पाणी सोडण्याबद्दल लिहिलंय ते चालणाऱ्यांनीही वाचावं. नदी चढली की तिला मिळणाऱ्या नाल्यातही तोंडाकडून पाणी मागं भरतं. सकाळी घोट्याएवढा ओलांडलेला नाला संध्याकाळी कमरेएवढा असू शकतो, पाऊस न पडता. सकाळी ओलांडताना काठाला एक काठी रोवायची, परतताना आधी काठी पाहायची.

वैनगंगाकाठ (७ डिसेंबर, सकाळी ६.५०)

रात्रभर विचार केला. सर, नाला बोलका होता हे पटलं. आम्ही खरोखरच त्या तुकड्यांच्या मागं मागं गेलो, पार्कची पाटी आम्हाला नंतर दिसली.

तुकडा टीव्हीखालून काढून कापडात गुंडाळलाय. सिरोंचाकर, तुमच्या पत्त्यावर कुरिअर केला तर ठेवून द्याल का परत?

सिरोंचाकर (७ डिसेंबर, सकाळी ८.१०)

कुरिअर नको. एक तर सिरोंच्याला पार्सल पोचेपर्यंत त्याचं आणखी एकदा जीवाश्म होईल. दुसरं, कोणत्या नाल्यात, कोणत्या वळणावर, हे तुम्हालाच माहीत. मी अंदाजानं टाकला तर सरांचा विद्यार्थी उद्या चुकीच्या काठावर थर शोधत बसेल. स्वतः घेऊन या. जानेवारीत मिरचीची तोडणी असते, घरी मुक्काम करा. पहाटे पाचला निघू, दहाच्या आत परत. बूट घालून या.

वऱ्हाडी_ताई (७ डिसेंबर, सकाळी ८.३०)

आणि वहिनींना घेऊन जा.

वैनगंगाकाठ (७ डिसेंबर, सकाळी ९.१५)

ठरलं. जानेवारीचा दुसरा आठवडा. जागेची चिंता नाही, पुतण्यानं उचलण्याआधी फोटो काढला होता, काल रात्री सापडला. मागं नाल्याचं वळण आणि काठावरचं वाकडं मोहाचं झाड दिसतंय. तुकड्याशेजारी माझी सँडल आलीय.

खडकवेडा (७ डिसेंबर, सकाळी ९.४०)

वा! आम्ही मापासाठी हातोडा ठेवून फोटो काढतो. सँडल कितीची?

वैनगंगाकाठ (७ डिसेंबर, सकाळी ९.४४)

आठ नंबर, सर. डावी.